बेपत्तांची यादी

रेजिमेंटचा इतिहास बगलेत धरून पाळक साल्मेला लेम्पीच्या फाटकाशी आले. हॅट त्यांनी डोक्यावरच ठेवली.

"या पाळकसाहेब," पायरीवर बटाटे सोलत बसलेली लेम्पी म्हणाली. "टेकडीवर दिसलात त्याला तास झाला. रस्ता लांबला की काय?"

"पाय सत्तरीचे झाले, बाई."

"जीभ तेवढी तरणी राहिली म्हणायची. रविवारी तुमचं प्रवचन काही आटपत नाही."

ते हसले. पुस्तक मात्र बगलेतून सुटलं नाही.

महायुद्धात त्या रेजिमेंटमध्ये या गावाचे पुरुष एकाच कंपनीत होते, जसे कुरणात गवत कापायला एका रांगेत उभे राहत तसेच. चव्वेचाळीसच्या जूनमध्ये आघाडी फुटली आणि आठवड्याभरात अकरा घरांत बातमी न्यावी लागली. बातमी नेणं पाळकांचं काम. ते रस्त्याला लागले की बायका दाताळी टेकवून उभ्या राहत, हे कुणाकडे वळतात ते बघत.

बारावं घर लेम्पीचं. तिचा नवरा तावेत्ती कामी आला होता. शेजारच्या खंदकातल्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, पण प्रेत मागे आणता आलं नव्हतं, म्हणून कागदोपत्री नाव बेपत्तांत पडलं होतं.

लेम्पीने त्या दिवशी त्यांना बोलूच दिलं नाही. बसा म्हणाली, चूल पेटवली, कॉफी ठेवली. कॉफी मिळत नसे, राय धान्य भाजून उकळायचे ते दिवस, आणि घरभर वास सुटला तो खऱ्या कॉफीचा. कुठून आणलीत, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. कप रिकामा झाला. 'कामी आला' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द निघाला, 'बेपत्ता आहे.'

"बरं," एवढंच ती म्हणाली होती.

बेपत्ता माणूस परत येऊ शकतो. लेम्पीला दोनदा मागणी आली, दोन्ही तिने परतवल्या. आणि वीस वर्षं, तळ्याकाठची पानं पिवळी झाली की, पाळक खरं सांगायचं ठरवून येत आणि कॉफी पिऊन परत जात.

आता पुस्तक छापून आलं होतं. कंपनीच्या रोजनिशीवरून तावेत्तीचं नाव बेपत्तांच्या यादीतून निघून कामी आलेल्यांत गेलं होतं. उद्या ते गावच्या दुकानात येणार. कुणीतरी तिला दाखवणारच.

लेम्पीने कॉफी आणली. त्यांनी पुस्तक मधे ठेवलं.

"लेम्पीबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. तावेत्ती..."

"साखर घ्या."

"ऐकून घ्या. माझ्या एका शब्दापायी तुमचं आयुष्य वाट बघण्यात गेलं."

तिने हात कमरेला बांधलेल्या फडक्याला पुसले. पुस्तक उघडलं नाही, त्यावरून नुसता तळवा फिरवला.

"तेव्हा तुमचा आवाज पार बसला होता," ती म्हणाली. "अकरा घरं झाली होती. म्हटलं, या घरात तरी बिचाऱ्याला ते बोलावं लागू नये."

"म्हणजे तुम्हाला..."

"त्या दिवशी फाटकातच हॅट काढलीत तुम्ही."

पाळकांचा हात डोक्यावरच्या हॅटकडे गेला.

"तेव्हाची कॉफी चांगली झाली होती ना?" लेम्पीने विचारलं. "मूठभरच दाणे होते. तावेत्ती घरी येईल त्या दिवसासाठी राखलेले."