मुठीतली ऊब

फ्लूच्या त्या जुन्या साथीचं छोटंसं प्रदर्शन दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मांडायचं, असं डॉक्टरीणबाईंनी मनावर घेतलं होतं. त्यांच्या पणजोबांनी याच खोलीत अर्धं गाव तपासलं होतं आणि शेवटी त्याच तापात ते गेले होते.

आत्या काचेचं कपाट पुसत होती. "माझी आजी सांगायची, तुझे पणजोबा फार मायाळू. पोरं दचकायला नकोत म्हणून स्टेथोस्कोपची चकती आधी मुठीत धरून कोमट करायचे, मगच पाठीला लावायचे. पण ती चकती एका जागी थांबली, की ताप छातीत उतरला असं समजून घरचे देव पाण्यात ठेवायचे."

बाईंना खोकल्याची उबळ आली.

"सकाळपासून ऐकतेय मी. छाती तपासून घे."

"आत्या, डॉक्टर मी आहे की तू?"

"तू. म्हणून तर कुणाचं ऐकत नाहीस!" असं म्हणत आत्या पाणी आणायला आत गेली.

बाईंनी हसत पणजोबांचा स्टेथोस्कोप उचलला. चकती चांगलीच कोमट होती, नुकतीच कुणी मुठीतून खाली ठेवावी तशी. त्यांनी तो घाईघाईने कपाटात ठेवला, दार लावलं आणि त्या वळल्या.

तेवढ्यात त्यांच्या पाठीला काहीतरी गोल, ऊबदार टेकलं. इतकं हळुवार, की दचकायलाही झालं नाही. लहान मुलीसारखा त्यांनी निमूटपणे खोल श्वास घेतला. ऊब जराशी खाली सरकली. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. मग ती डाव्या बाजूला आली, आणि तिथेच थांबली.