चौघांचं कुलूप

वीज परत आली तेव्हा पडद्यावर एकच ओळ उभी होती. संगणक परवलीचा शब्द मागत होता. त्या शब्दाचे तीन तुकडे तळघरात हजर होते. चौथा झिसिसकडे होता, आणि झिसिसला त्यांनी मार्चमध्येच हाकलून दिलं होतं.

थेसालोनिकी या ग्रीक शहरातला हा शिवणकारखाना मालकाने वाऱ्यावर सोडला, तेव्हा या चौघांनी आणि गल्लीतल्या लोकांनी तो ताब्यात घेतला होता. वरच्या मजल्यावर मोफत दवाखाना चाले. तळघरात संगणकवेड्यांचा अड्डा होता. भंगारातून आणलेल्या चार-पाच यंत्रांचे अवयव जोडून त्यांनी हा एक संगणक उभा केला होता. त्यात कुठल्याही कंपनीची एकही प्रणाली नव्हती, याचा त्यांना, बापाला लग्नाला आलेल्या मुलीचा असावा तसा अभिमान होता.

उद्या पोलिसांनी धाड घालून डबा उचलून नेला, तरी आतलं अक्षरही त्यांना वाचता येऊ नये, म्हणून त्याला कुलूप होतं. किल्ली एकाच्या हातात गेली की तो मालक होतो, असं पेलागियाचं मत होतं. तिथे मालक कोणीच नव्हतं, फक्त पेलागियाचं मत बहुतेक वेळा सगळ्यांचं मत व्हायचं. मग शब्दाचे चार तुकडे झाले, प्रत्येकाकडे एक: पेलागिया, अर्गिरिस, मिर्तो आणि झिसिस. यंत्र बंद पडलं की चौघं जमायचे. एक जण आपला तुकडा टाइप करायचा आणि बाकीचे तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. झिसिसचा नंबर शेवटचा. एकदा मीटर बघायला आलेला माणूस ते दृश्य पाहून धाड पडली असं समजून पळून गेला होता.

मग झिसिस नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, तेही एका पक्षाच्या यादीतून. आत आपला कोणी असला तर दवाखान्याचं पाणी तोडणार नाहीत, असं तो सभेत म्हणाला. पेलागिया म्हणाली, याला खुर्चीचा मोह आहे. ज्याला सगळं आपल्या हातात हवं असतं त्याला इथे जागा नाही. सभेने मान डोलावली. झिसिस निवडणुकीत पडला, पण त्याला काढल्याचा ठराव कायम राहिला. त्याचा तुकडा पुढे कोणाकडे द्यायचा, यावर तेव्हापासून प्रत्येक सभेत चर्चा चालली होती आणि एकमत काही होत नव्हतं. त्या भानगडीत कुलूप बदलायचं राहूनच गेलं, आणि यंत्रही आजवर एकदाही बंद पडलं नव्हतं.

अर्गिरिस म्हणाला, अंदाज करून बघू. त्यांनी झिसिसचा फुटबॉलचा संघ टाकून पाहिला. त्याच्या आईचं गाव, त्याच्या कुत्र्याचं नाव. दर वेळी तिघांनी आळीपाळीने भिंतीकडे तोंड केलं, कारण नियम तो नियम. मिर्तोने 'नगरसेवक' टाकून पाहिलं आणि एकटीच हसली. यंत्राने सगळं नाकारलं.

तेवढ्यात डॉक्टर एव्हान्थिया जिना उतरून आली. वर दवाखाना उघडायची वेळ झाली होती. येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांकडे या देशात राहायचे कागद नव्हते, म्हणून दवाखान्यानेही कागदावर काही ठेवलं नव्हतं. कोणाला कुठलं औषध, किती, सगळं या यंत्रात.

"झिसिसला फोन करा," ती म्हणाली.

पेलागिया म्हणाली, ठराव झालेल्या माणसाला बोलवायचं तर आधी सभा घ्यावी लागेल.

"घ्या की. जिन्यावर इन्सुलिनवाले बसलेत. त्यांनाही घ्या सभेला, तोवर शुद्धीवर राहिले तर."

पेलागियाने फोन उचलला. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा राग येत होता. कॉलेजपासूनची त्यांची दोस्ती होती. मार्चनंतर तिला त्याची रोज आठवण यायची आणि हे ती मेली तरी कोणाला सांगणार नव्हती.

झिसिसने लगेच फोन घेतला. तिने नमस्कार-चमत्कार न करता काय झालं ते सांगितलं, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"तुझा तुकडा सांग," ती म्हणाली.

"आधी तुमचे तिघांचे टाका."

त्यांनी टाकले. भिंतीकडे तोंडं करून, रीतसर. डॉक्टर डोक्याला हात लावून पाहत राहिली.

"झालं," पेलागिया म्हणाली.

"आता एंटर दाब."

"अरे, आणि तुझा?"

"दाब तर, पेलागिया."

तिने दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग दवाखान्याची पानं भराभर उघडत गेली. डॉक्टरने कोणाला बाजूला हो असंही म्हटलं नाही. सरळ खुर्ची ओढून बसली आणि वरच्या मजल्याकडे पहिलं नाव ओरडली.

पेलागिया फोन कानाशी धरून भिंतीपाशी गेली. "तू काहीच टाकत नव्हतास?" तिने हळू विचारलं.

"चार बटणं दाबायचो, चार पुसायचो. पहिल्या दिवसापासून," झिसिस म्हणाला. "मला कोणी उचलून नेलं असतं, तर त्या माणसांची औषधं माझ्या डोक्यात अडकून पडली असती ना."