नानांचा पलंग

नाना सुतारांनी शिवमच्या लग्नात स्वतःच्या हातानं पलंग केला होता. त्याच्या पट्ट्यांत वीतभर फट, अन् सूनबाईंची नवी लेटेक्सची गादी त्या फटीत लोंबायची. पण बापाच्या कामात खोट आहे हे बापाला सांगणार कोण?

शिवमनं बजाजनगरच्या राजकुमार मिस्त्रीला फटींत जादा पट्ट्या बसवायचं गुपचूप सांगून ठेवलं, "नाना गावाला गेले की बोलावतो." दुसऱ्याच दिवशी नाना वैजापूरला निघाले. शिवमनं सुटकेचा निःश्वास सोडून फोन लावला.

मिस्त्री आला तो नव्या पट्ट्या कापूनच.

"अहो, आधी माप तर घ्या!"

"दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाला त्याला इचारल्याबिगर हात लावत नाय आम्ही. माप नानांनीच दिलं. म्हणले, पोरगं माझ्यासमोर अवघडंल, मी जातो वैजापूरला."