दुसऱ्या अंकातला फोन

नानांनी भर प्रयोगात नाटकाची चार पानं गिळली.

प्रेक्षकांच्या पाठीमागे, आवाजाच्या खोलीत, काचेआड उभा दिग्दर्शक हातातली संहिता भराभर उलटायला लागला. आता दाराची घंटा वाजायची होती, मग पाऊस, मग कुत्रं. आणि रंगमंचावर नाना, त्याचे वडील, खिडकीकडे बोट दाखवून म्हणत होते, "बघ, गाडी आलीसुद्धा." गाडी यायला अजून चांगला अवकाश होता. भाडेकरूचं काम करणारी नटी जागच्या जागी थिजली.

शेजारी त्याची बायको लॅपटॉप घेऊन बसली होती. स्क्रीनवर काही म्हणजे काही नव्हतं, नुसता काळोख. तिने एक कळ दाबली. वरच्या कडेला बोटभर पट्टी उघडली, सगळ्या आवाजांची नावं एका ओळीत. तिने 'गा' टाइप केलं. बाकीची नावं गळाली, 'गाडी' आणि 'गाणं' एवढी दोनच उरली. पहिल्यावरच एंटर. पट्टी गुप्त झाली आणि खिडकीबाहेर हॉर्न वाजला. नटीच्या जीवात जीव आला. ती लगबगीने खिडकीशी गेली.

याच पट्टीवरून त्याने आठवडाभर बायकोची थट्टा केली होती. त्याने हौसेने आणलेल्या प्रोग्रॅममध्ये छान रंगीत चौकोन होते, एका आवाजामागे दुसरा. तो बाजूला सारून हिने काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करकरून हा मेनू रचला. ना रंग, ना चित्र. "हे काय दळभद्री काढलंयस?" असं तो म्हणालाही होता.

"तुझ्या प्रोग्रॅममध्ये आवाज रांगेत उभे असतात," ती म्हणाली होती. "नानांनी रांग मोडली, तर मी माउस घेऊन कुठे कुठे धावू?"

नाना रांग मोडणार हे तिने आधीच धरलं होतं, आणि त्याला ते कबूल करायचं नव्हतं. नाना विसरायला लागले होते. घरी चष्मा, तालमीत वाक्यं. त्याने गुपचूप दुसरा नट बघायचं घाटलं, ते नानांच्या कानावर गेलंच. चिडले नाहीत. म्हणाले, "एक प्रयोग करू दे. चारचौघांत अडकलो, तर माझा मीच तोंडाचा रंग पुसून घरी बसेन." शब्दाचा पक्का माणूस. बसले असते. आणि घरी बसलेले नाना किती दिवस नाना राहिले असते, हे मुलाला सांगायला नको होतं.

आता तर म्हातारा सुसाट सुटला होता. घंटेआधी कुत्रं, कुत्र्यानंतर एकदम पाऊस. ती काचेतून त्यांच्या ओठांकडे बघत होती. 'कु'. 'पा'. 'घं'. त्यांचं वाक्य संपतंय न संपतंय, तोवर आवाज हजर. गवई मनाला येईल तिकडे वळावा आणि साथीदाराने मुकाट्याने मागे जावं, तशी ती त्यांच्या मागे जात होती. प्रेक्षकांना तिने ताकास तूर लागू दिली नाही. दिग्दर्शकाच्या हातातल्या संहितेला आता काही अर्थच उरला नव्हता. त्याने ती मिटून टाकली.

आणि नाना थांबले.

"त्या वरच्या खोलीची..." एवढं म्हणून नुसतेच उभे राहिले. नटीने हळूच पुढचा शब्द सुचवला. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही बाई कोण. नजर भिरभिरायला लागली. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

पडदा पाडायला सांगावं म्हणून दिग्दर्शकाने माईक उचलला.

"थांब," बायको म्हणाली आणि 'फो' टाइप केलं.

रंगमंचावरच्या टेबलाखालचा स्पीकर खणखणायला लागला.

"अगं, फोन दुसऱ्या अंकात आहे," तो कुजबुजला.

"टेबलावर तर आत्ताच आहे ना? मग झालं."

नानांनी मान वळवली. ज्याचा जन्म रंगमंचावर गेला, तो वाक्य विसरेल, पण वाजणारा फोन तसाच वाजू द्यायचा नाही. ते सावकाश टेबलाशी गेले. रिसीव्हर उचलला त्याच क्षणी तिने एंटर दाबलं आणि घंटा अर्ध्यात तुटली. 'बंद' हा शब्द तिने आधीच लिहून तयार ठेवला होता. दिग्दर्शक बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला आपण नीट पाहिलंच नाही, असं त्याला वाटून गेलं.

नानांनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता, वायर टेबलामागे लोंबत होती. तरी ते ऐकत राहिले. घाई नाही, गडबड नाही. हळूहळू नजर ठरली. मग त्यांनी मान डोलावली.

"हो, सूनबाई," ते म्हणाले. "आहे मी. इथेच आहे."

रिसीव्हर ठेवून ते नटीकडे वळले आणि ठणठणीत आवाजात त्यांनी वाक्य पुरं केलं. "त्या वरच्या खोलीची किल्ली मागू नकोस. मागून मिळायची नाही ती."

टाळी पडली. नाटकातला म्हातारा एकटा जीव सदाशिव. त्याला ना बायको, ना मुलगा, सून कुठली असायला? दिग्दर्शकाने माईक खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. तिची नजर काचेपलीकडे, बोट कळीवर. गाल ओले झाले होते. तो काहीतरी बोलायला गेला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "त्यांचं पुढचं वाक्य ऐकू दे."