शेवटचा बांध

ॲम्ब्रोसदादाचं फावडं माझ्या जबड्यावर बसलं आणि दोन दात हेदरच्या झुडपांत उडाले. “शिकारीच्या माळाचा चिखल करतोस, नॉरिस?” म्हणत तो पाणी अडवून तळी साठवायला मी घातलेल्या बांधांतला उरलेला शेवटचा बांध फोडू लागला. शिकारीच्या पाखरांना कोवळा पाला मिळावा म्हणून यॉर्कशायरात आम्ही दर मार्चात जुनं हेदर जाळतो. यंदा माळ खडखडीत वाळलेला, तरी त्यानं सकाळी पेटवलंच. वारा फिरला आणि आग आमच्यावर धावून आली. पायाखालचं पीट, कुजक्या झाडपाल्याची ती जळाऊ माती, तीही पेटली. दादाचा पाय गुडघ्यापर्यंत निखाऱ्यांत गेला. मी त्याला बखोटीला धरून खेचलं आणि बांधामागच्या पाण्यात आपटलं. “बाकीची तळी कुठायत?” तो किंचाळला. “तूच फोडलीस, गाढवा!” त्यानं पाडलेल्या खिंडारातून पाणी भराभर ओसरू लागलं, ज्वाळाही तिकडूनच येत होत्या. दादानं माझ्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि खिंडारात स्वतःची पाठ गच्च बसवली.