पिठाकडे बघ

"मागं बघू नकोस. पिठाकडे बघ."

आईचा हा आवाज लेकीनं नऊ वर्षांची असताना ऐकला होता. हळू, जवळजवळ लाडाचा. ती ओट्याशी उभी राहून कणीक तिंबत होती. समोर पिठाचा पितळी डबा, हाताखाली कणीक, पाठीमागं घर. आईच्या फुटलेल्या ओठातून रक्त ठिबकत होतं. थोड्या वेळानं जिन्यावरून काहीतरी गडगडत खाली आलं. बाप पाय घसरून पडला, असं आईनं सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरनंही तेच लिहिलं. लेकीनं कधी काही विचारलं नाही.

त्याला तीस वर्षं झाली. आता मायलेकींचं सात टेबलांचं पिझ्झाचं दुकान होतं. लेक भट्टी सांभाळायची. आई गल्ल्याशेजारी बसून पुठ्ठ्याचे खोके घडवायची. दुमड, दाब, ठेव. दुमड, दाब, ठेव. येणारेजाणारे तिला खोकेआजी म्हणत.

भट्टी मागच्या भिंतीला होती, त्यामुळे लेकीची पाठ कायम गिऱ्हाइकांकडे. तिनं ओट्यावरच्या भिंतीला स्टीलचा पत्रा ठोकून घेतला होता. त्यावर पिठाचं एक बोट उमटलं तरी तिला खपत नसे.

"ताई, ह्यात भांग पाडता की काय?" वाढपी चिडवायचा.

"गिऱ्हाइकांची थोबाडं मोजते," ती म्हणायची. पत्र्यात सातही टेबलं दिसत.

त्या दुपारी खिडकीपाशी एक जोडपं बसलं होतं. नवरा चौकडीच्या शर्टातला, बायको गळ्यापर्यंत गुंडी लावलेली. लोखंडी तव्यातला पिझ्झा चरचरत टेबलावर आला. बायकोला भूक लागली असावी. तिनं एक तुकडा उचलला.

"माझ्याआधी?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं तुकडा परत ठेवला. त्यानं तिचा हात धरला आणि तापलेल्या तव्यावर दाबला.

चर्र झालं. बाई ओरडली नाही. न ओरडायची सवय असलेल्या माणसासारखे तिचे खांदे नुसते वर आले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना आपल्या ताटात एकाएकी फार बघण्यासारखं सापडलं.

वाढपी धावला. "साहेब, अहो, सोडा त्यांना..."

"नवरा-बायकोत नाक खुपसू नकोस. दात घशात घालीन." आणि खरंच घातले. वाढपी खुर्चीसकट आडवा झाला. तोंडावर हात दाबला तर बोटांमधून लाल ओघळ.

लेक पत्र्यात सगळं बघत होती. हात गोळ्यावर चालूच होते. थांबत नव्हते, वळूही देत नव्हते. सवय अशी हाडात मुरते. मैदा ताणायचा, उलटा करायचा, परत ताणायचा. मागं त्यानं बायकोचे केस मुठीत धरले. तिचं तोंड तव्याकडे वाकवू लागला.

दुमड, दाब, ठेव थांबलं.

आई उठली. गुडघे कुरकुरणारी, दोन पावलांत दम लागणारी आई सरळ भट्टीपाशी आली. निखारे ओढायची सळई आत तापत पडली होती. ती तिनं बाहेर काढली. टोक तांबडंलाल होतं. लेकीच्या कानाशी वाकून आई हळू, जवळजवळ लाडानं म्हणाली,

"मागं बघू नकोस. पिठाकडे बघ."

तोच आवाज.

पत्र्यात आई टेबलांमधून चालत गेली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही; खोके घडवणाऱ्या म्हातारीकडे कोण बघतं? सळई तिनं दोन्ही हातांनी उचलली होती. तांबडं टोक त्या माणसाच्या मानेच्या खड्ड्यासमोर येऊन स्थिर झालं. आईचा हात जराही थरथरत नव्हता.

लेक वळली.

भिंतीला टेकवलेलं लांब दांड्याचं लाकडी फावडं तिनं ओढलं, ज्यानं पिझ्झे भट्टीत सरकवतात. चार ढांगांत ती पोचली. आईला खांद्यानं बाजूला लोटलं आणि फावड्याची धार त्या मुठीखालच्या मनगटावर घातली, एकदा. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मूठ उघडली. केस सुटले. तो गुरासारखा ओरडत खाली बसला, आणि आता सगळ्यांना हातपाय फुटले. ताटात बघणारे गृहस्थच त्याच्या छातीवर बसले. वाढपी रक्त थुंकत पोलिसांना फोन लावू लागला.

लेकीनं त्या बाईचा हात नळाखाली धरला. "असाच धरून ठेवा. काढू नका." बाई तेव्हा कुठे रडायला लागली. आधी नुसता श्वास, मग आवाज.

आई भट्टीपाशी उभी होती. सळई अजून तिच्या हातात. लेकीनं एकेक बोट सोडवून ती काढून घेतली आणि निखाऱ्यात परत ठेवली.

"का वळलीस गं?" आई पुटपुटली. "मी सांगितलं होतं ना? त्या दिवशी कशी शहाण्यासारखी उभी राहिलीस. एकदाही वळली नाहीस."

लेकीनं पदरानं आईच्या कपाळावरचा घाम टिपला.

"नव्हते वळले, आई. पण तो पितळी डबा तू रोज घासून लख्ख ठेवायचीस. त्यात अख्खा जिना दिसायचा."