खडूची गाडी

पोटच्या पोरानं आपल्याच आईला घरातल्या घरात वळसा घालून चालायला लावावं, ही काही रीत नव्हे. पण पुढच्या खोलीत जमिनीवर खडूनं गाडी काढलेली होती, आणि तिच्यावरून चालायला त्यानं सगळ्यांना बंदी केली होती.

"आई, बॉनेटवर पाय पडला तुझा!"

"लागलं का रे तिला?" आई म्हणाली, आणि तशीच आत गेली.

गाडी अजून आलेली नव्हती. कारखान्याचं छप्पर तरी घातलंय की नाही, कुणाला ठाऊक. जाहिरातीत मात्र एक हसरं कुटुंब काचेतून हात हलवत होतं, आणि खाली लिहिलं होतं की आता साध्या माणसालाही गाडी परवडेल. मुलगा पाणीखात्यात कारकून. आपल्याइतका साधा माणूस दुसरा नाही, अशी त्याची खात्री पटली. त्यानं पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पत्रकातले आकडे वाचून खडू ओढला. दर रविवारी तो ती गाडी पुसायचा आणि नव्यानं काढायचा. गल्लीत त्याला लोक 'गाडीवाले' म्हणू लागले. त्याला ते खरंच वाटायचं.

खोली आईची होती. नवरा गेला तेव्हा तिनं तिथंच मशीन मांडलं होतं. लांबीला बरी, रुंदीला नुसता बोळ, पण रस्त्याच्या अंगाला आणि लख्ख उजेडाची. त्या उजेडात शाळेचे गणवेश शिवून तिनं ह्याला पदवीपर्यंत नेलं. आता पदवीधरानं रस्त्याकडची भिंत पाडून शटर बसवलं आणि मशीन जिन्याखाली सरकवलं. गल्लीत गाडी ठेवली तर पालिकेचे लोक उचलून नेतात, म्हणून.

"गाडी येईपर्यंत तरी मशीन राहू दे की."

"ऐन वेळी हलवाहलव नको, आई. तयारी हवी."

"लोक पाळणासुद्धा पोट दिसल्यावर आणतात रे!"

जिन्याखाली भर दुपारी दिवा लावावा लागायचा. त्या पिवळ्या उजेडात निळा दोरा आणि काळा दोरा एकच. एकदा चाळीस निळे स्कर्ट काळ्या दोऱ्यानं शिवले गेले आणि चाळीसच्या चाळीस परत आले. आईच्या हातचं कापड जन्मात कधी परत आलं नव्हतं. मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "काकू, पुन्हा असं झालं तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल." शाळा उघडायला महिना उरला होता. आईनं मुलाला हे सांगितलं. त्यानं मान हलवली आणि गाडीचा आरसा नीट काढला.

नाव नोंदवून दोन वर्षं झाली होती, तेवढ्यात एकदाचं पत्र आलं. रविवारी गाडी मिळणार! मुलाच्या डोक्यात लगेच नवीन किडा. आत घेताना रंग खरवडला तर? दोन्ही भिंतींना गाद्या लावायच्या. आणि त्या शिवणार कोण? तर जिन्याखाली बसलेली.

"मापं बघितलीस ना नीट?" कापूस भरता भरता आईनं विचारलं.

"पत्रकात मिलिमीटरमध्ये दिलीयत. तुझ्या टेपचं काम नाही ते."

"बरं बाबा," आई म्हणाली आणि तोंड शिवून घेतलं.

रविवारी सगळी गल्ली लोटली. गाडी आली, पिवळीधमक, लिंबाएवढी. एक आरसा, एक वायपर. मागचं डिकीचं दार नुसतं दिसायला, ते उघडतच नव्हतं.

"वायपर एकच?" समोरच्या न्हाव्यानं विचारलं.

"साध्या माणसाला एक पुरतो."

"पाऊसही साध्या माणसाच्या अर्ध्याच काचेवर पडत असेल," आई आतल्या दारातून म्हणाली.

मुलानं लक्ष दिलं नाही. सून आणि पोरं बाजूला उभी राहिली. तो एकटाच आत बसला आणि गाडी इंचाइंचानं खोलीत शिरली. आकडे खोटे नव्हते. गाडी बरोबर खडूच्या रेघांवर बसली. दोन्हीकडच्या गाद्यांना जेमतेम टेकली, कुठं ओरखडा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं इंजिन बंद केलं.

टाळ्या थांबल्या तरी तो बाहेर आला नाही.

त्यानं दार ढकललं. दार दोन बोटं उघडलं आणि गादीत रुतलं. पलीकडचं ढकललं, तेही तेवढंच. मागच्या सीटवर सरपटत गेला, तिथली दोन्ही दारं पुढच्यांच्याच बहिणी. मग काच खाली केली. डोकं बाहेर आलं, खांदे आले नाहीत.

"दाढी करून देऊ का तिथंच?" न्हावी रस्त्यावरून ओरडला. सुनेनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटायचं ते फुटलंच.

"आई! गाद्या काढ!"

आईनं एक गादी उसवून ओढून काढली. दार आणखी चार बोटं उघडलं. आता मुलाचा हात कोपरापर्यंत बाहेर आला. गादीमागं भिंत होती, आणि भिंत काही कापसाची नव्हती.

आई पुढच्या काचेसमोर येऊन उभी राहिली. गळ्यात टेप तशीच होती. आत मुलगा घामानं निथळत होता.

"पहिलीतल्या पोराचा सदरा बेततानासुद्धा मी त्याला आधी हात वर करायला लावते. तू एवढा शिकलास आणि गाडीचं माप दारं मिटून घेतलंस! चल, घे तुझी गाडी मागं. माझं मशीन आत येतंय."